मॅरी लोगनची खळ

१४ जून, रात्री ११

परवापासून लेकीची शाळा. संध्याकाळभर बसून पुस्तकांना खाकी कव्हरं घातली. हात चालू होते, पण डोक्यात मॅरी लोगन होती.

गेल्या आठवड्यात मिल्ड्रेड टेलर यांची 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय' ही कादंबरी पुन्हा वाचली. अमेरिकेतल्या लोगन या कृष्णवर्णीय कुटुंबाची गोष्ट; मॅरी त्यातली आई, कॅसी तिची मुलगी. कॉलेजात असताना वाचली तेव्हा मी पूर्णपणे कॅसीच्या बाजूची होते. नऊ वर्षांची, कुणापुढे मान न तुकवणारी कॅसी. गोऱ्या मुलांची बस शाळेत पायी जाणाऱ्या कॅसी आणि तिच्या तीन भावांवर चिखल उडवत जाते, म्हणून चौघं रस्त्यात चर खणतात आणि बस त्यात रुतते. केवढा आनंद झाला होता तेव्हा! पुढे कितीतरी वर्षं ती कादंबरी म्हटली की मला तो चरच आठवायचा.

या वेळी मात्र पहिल्याच प्रकरणात अडकले. साल १९३३, मिसिसिपी. कॅसीच्या सहा वर्षांच्या धाकट्या भावाला, लिटल मॅनला, शाळेत पुस्तक मिळतं, मळकं आणि फाटकं. आतल्या बाजूला एक तक्ता: पुस्तक कधी दिलं, त्याची अवस्था काय, विद्यार्थ्याचा वंश कोणता. अकरा वेळा ते गोऱ्या मुलांना दिलेलं. बाराव्या ओळीत अवस्था 'अतिशय वाईट', आणि पुढे त्याच्या वंशासाठी तो हिणकस शब्द. पोराला वाचता येतं. तो पुस्तक जमिनीवर आपटतो, त्यावर थयथया नाचतो आणि मार खातो.

वर्गातल्या बाई तक्रार घेऊन त्याच्या आईकडे, मॅरीकडे जातात. आई त्याच शाळेत शिक्षिका. मॅरी ओरडत नाही. कागद मापानं कापते, खळ लावते आणि तो तक्ता झाकून टाकते. मुलांना जगाची रीत कधीतरी कळायलाच हवी, असं त्या बाई म्हणतात. कळली म्हणून ती मान्य करायला हवी असं नाही, असं मॅरीचं उत्तर. हा प्रसंग मी साफ विसरले होते! आज तोच सगळ्यात मोठा वाटतो. कागदाखाली तक्ता तसाच आहे, हे तिला ठाऊक आहे. पुढे हीच मॅरी पाठ्यपुस्तकात नसलेला गुलामगिरीचा इतिहास वर्गात शिकवते आणि नोकरी गमावते.

आणि तो पगार घरासाठी किती मोलाचा! चारशे एकर जमीन, त्यातल्या निम्मीवर कर्ज. कर भरता यावा म्हणून नवरा डेव्हिड लुइझियानात रेल्वेच्या कामावर. तेव्हा हे हिशेब मी भराभर उलटले होते. आता वाचताना बाबा दिसत राहिले, शेतसाऱ्याची पावती जपून देवाच्या फोटोमागे ठेवणारे.

शेवटी कॅसीच्या थोरल्या भावाचा मित्र टी. जे. याला गोऱ्यांच्या जमावाच्या तावडीतून वाचवायला, सगळे आग विझवायला धावावेत म्हणून, डेव्हिड स्वतःच्याच कपाशीला आग लावतो. ज्या जमिनीसाठी इतकी वर्षं घरापासून लांब राहिला, तिच्यावरच्या पिकाला. तिथे पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

लेक यंदा नऊ वर्षांची झाली, कॅसीएवढी. पहिलं प्रकरण तिला मराठीत सांगत वाचून दाखवणार आहे. तक्त्याच्या बाराव्या ओळीशी आल्यावर तो शब्द मोठ्यानं उच्चारायचा की त्यावर कागद डकवायचा, हे अजून ठरत नाही.