होय म्हाराजा

आमच्या वाडीच्या भजन मंडळाचा अखंड हरिनाम सप्ताह दर वर्षी श्रावणात ग्रामदेवतेच्या मंदिरात होतो आणि गेली 22 वर्षे मी त्यात झांज धरून उभा आहे. वीणापूजन, मानकऱ्यांचे विडे, पंचक्रोशीतल्या बुवांचा सत्कार हे सारे रीतीप्रमाणे पार पडते.

सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही, हा नेम. दिवसाचे आठ, म्हणजे एकूण 56 पहारे वाड्यावाड्यांना वाटून दिलेले असतात. श्रावणातल्या दमट हवेत पखवाज उतरतो, मग पखवाजवाले दादा गठ्ठे ठोकून, डाव्या पुडीवर ओली कणीक पुन्हा थापून तो सुरात आणतात. संध्याकाळच्या पहाऱ्याला सभामंडपात उभे राहायला जागा नसते. पहाटे तीनला मात्र वीणेकरी, पखवाजवाले आणि मी असे तिघेच उरलो, हे मी अनेकदा पाहिले आहे. काल्याच्या दिवशी महाप्रसादाला येणाऱ्या चाकरमान्यांनी एक तरी रात्र जागवावी, ही माझी जुनी तक्रार आहे आणि ती मी इथेही नोंदवतो.

परंतु ज्यासाठी मी वर्षभर वाट पाहतो, ते काल्याच्या दिवशीचे गाऱ्हाणे. गाऱ्हाण्यात माणूस देवाकडे मागतो. गाऱ्हाणे घालणारे आमचे आबा मात्र आधी देवाने वर्षभर जे केले ते एकेक करून सांगत, आणि मागणे अगदी शेवटी, दोन वाक्यांत उरकत. मृगाचा पाऊस वेळेवर पडला, विहिरीचे पाणी मे अखेरपर्यंत पुरले, मासेमारीची बंदी उठल्यावर 1 ऑगस्टला दर्यात गेलेल्या होड्या सुखरूप परतल्या, अमक्याच्या सुनेची सुटका झाली, असे सगळे ते कागदावाचून सांगत. 2021 साली मे महिन्यात तौक्ते वादळाने त्यांची निम्मी कलमे आडवी केली होती. कोरोनामुळे मंदिरे बंद असल्याने त्या श्रावणात सप्ताह झालाच नाही. आम्ही सात जण बाहेरच्या पायरीशी पावसात उभे होतो. आबांनी नारळाची शेंडी बंद दाराकडे केली आणि म्हणाले, “बा देवा म्हाराजा, जा गेला ता तुझाच होता, जा रवला, ता तुया राखलंस.” त्यांच्या मनगटावरून पाणी ओघळत होते आणि नारळ जराही हलत नव्हता. गाऱ्हाण्याला साऱ्यांनी द्यायची साद, “होय म्हाराजा”, म्हणताना माझा आवाज फुटला नाही.

आबांना देवाज्ञा होऊन तीन पावसाळे झाले. आता त्यांचे थोरले चिरंजीव गाऱ्हाणे घालतात. आवाज तेवढा खणखणीत नाही, पण आधी देवाचे उपकार आणि मग मागणे, हा क्रम त्यांनी मोडलेला नाही, याचा मला फार अभिमान वाटतो.

पहाऱ्यांची यादी करणारे गुरुजी, रात्रभर चहाचे आधण उतरू न देणाऱ्या खालच्या वाडीतल्या काकी, समईच्या तेलाचा खर्च उचलणारे दुकानदार भाऊ, जनरेटर देणारे आणि तो चालवायला स्वतः बसणारे मामा, हंगाम सुरू होऊनही आपल्या पहाऱ्याला होडी किनाऱ्यावर ठेवणारे दोघे बंधू, काळ्या वाटाण्याची उसळ रांधणाऱ्या साऱ्या वहिनी, नारळ सोलणारी मुले आणि गुरवकाका यांच्यावाचून सप्ताह उभा राहत नाही. आणि आवार झाडणाऱ्या मावशी, ज्यांचा उल्लेख गेल्या वर्षीच्या आभारात माझ्याकडून राहिला होता. काल्याच्या दुसऱ्या दिवशी, सगळे पांगल्यावर, सांडलेल्या दहीपोह्यांवर पाणी ओतत फरशी घासायला त्या एकट्याच असतात.