प्लिमथ : एका सरळ रेघेवरून चालताना

स्टेशनासमोरचा मोठा चौक ओलांडला आणि मी रस्त्यातच थांबले. समोर एक रुंद पट्टा, अगदी नाकासमोर. दोन्ही अंगांना फिकट दगडाच्या साधारण एका उंचीच्या इमारती, आणि पार टोकाला टेकाडावर एक खांब आभाळात घुसलेला. प्लिमथ, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं समुद्राचं गाव म्हणून आले होते, पण समुद्राचा पत्ता नव्हता.

"मावशी, बाजूला हो, मागे लोक खोळंबलेत."

भाची इथल्या इस्पितळात नर्स आहे. तिच्याकडे पंधरा दिवस राहायला आले होते. माझी 31 वर्षं नगररचना खात्यात आरेखक म्हणून गेली. टी-स्क्वेअर, रोटरिंगची पेनं, चुकलेली रेघ ट्रेसिंग पेपरवरून ब्लेडने हलकेच खरवडायची, मग अमोनिया प्रिंट. हे सगळं संगणकाच्या आधीचं. निवृत्तीनंतरही खोड जात नाही. गाव दिसलं की आधी त्याचा नकाशा दिसतो. आणि या गावाचा नकाशा तर थेट रस्त्यावरच उलगडून ठेवलाय. समोरचा पट्टा म्हणजे आर्मडा वे. स्टेशनापासून 'हो' नावाच्या किनाऱ्यावरच्या टेकाडापर्यंत, साधारण किलोमीटरभर, एका फटक्यात मारलेली रेघ.

आयुष्यात अशी रेघ मारायची संधी मला एकदाही मिळाली नाही. आमच्या रेघेला कुणाचं तरी न्हाणीघर आडवं यायचंच.

इथे आडवं येणारं काही उरलंच नव्हतं. 20 मार्च 1941 ला राजा सहावा जॉर्ज आणि राणी शहर बघायला आले होते. त्यांची गाडी निघून गेली आणि त्याच संध्याकाळी जर्मन बॉम्बफेकी विमानं आली. सलग दोन रात्री. एप्रिलमध्ये पुन्हा. डेव्हनपोर्टची आरमारी गोदी ही खरी शिकार, पण जळला तो मधला बाजार. युद्धभरात प्लिमथवर 59 हल्ले झाले आणि 1,172 नागरिक मेले. पोर्टलँड स्क्वेअरमधल्या हवाई हल्ल्यांसाठी बांधलेल्या एकाच आसऱ्यात एका रात्री 70 हून जास्त माणसं गेली.

पुढचं मला जास्त नवलाचं वाटतं. आग विझते न विझते तोच महापौर लॉर्ड ॲस्टर यांनी नव्या शहराचा आराखडा करायचं मनावर घेतलं. त्यांची बायको नॅन्सी ॲस्टर इथलीच खासदार. हाउस ऑफ कॉमन्समध्ये जाऊन बसलेली पहिली बाई ती, 1919 मध्ये. आराखड्यासाठी नगररचनाकार पॅट्रिक ॲबरक्रॉम्बी यांना बोलावलं गेलं. लंडनचा आराखडाही त्यांच्याच हाती होता. सोबतीला इथले शहर अभियंता जेम्स पेटन वॉटसन. पुस्तकावर दोघांची नावं आहेत, पण बोलताना सगळे एकट्या ॲबरक्रॉम्बींचंच घेतात. खात्यात आयुष्य काढलेल्या बाईला हे लागतंच. गटारं कुठून जातात, कुठला चढ किती, हे बाहेरून आलेल्या मोठ्या माणसाला कोण सांगतं?

आराखडा 1943 च्या सप्टेंबरात तयार झाला आणि पुस्तक एप्रिल 1944 मध्ये बाहेर आलं. शहरावरचा शेवटचा हवाई हल्लाही त्याच महिन्यातला. म्हणजे वर बॉम्ब पडताहेत आणि खाली टेबलावर कुणीतरी शांतपणे दुकानांच्या रांगा आखतंय. हाताला घाम आला तरी ट्रेसिंगवर डाग पडतो हो. ही माणसं कशी काम करत असतील?

ते पुस्तक मी एका दुपारी ग्रंथालयात बसून पाहिलं. नकाशे घडीचे. एक घडी इतकी उघडमीट झालेली की तिथे कागद कापडासारखा मऊ पडलाय, आणि नेमका तिथेच जुना बाजार. नव्या रस्त्यांचा जाड जाळीदार चौकट-नकाशा एका बाजूला, जुन्या शहराची बारीक वाकडी गल्लीबोळं दुसऱ्या बाजूला. मी दोन्ही मनातल्या मनात एकमेकांवर ठेवून पाहिले. जवळपास काहीच जुळत नाही. रस्ता रुंद करणं वेगळं. इथे पाटीच कोरी केली. एक मात्र खरं, वसाहतींमध्ये घर ते शाळा, घर ते दुकान, घर ते ग्रंथालय अशा चालण्याचा विचार पानोपानी आहे. आधी पाहणी, मग आराखडा हा धडा आणखी एक नगररचनाकार, पॅट्रिक गेडिस, यांचा. तेच गेडिस, जे 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. नाव वाचून उगाचच ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी भाची ड्यूटीवर गेली आणि मी रेघेवरून एकटी निघाले.

पहिली गोष्ट म्हणजे वारा. समुद्रावरून निघालेला वारा त्या सरळ रस्त्यात शिरतो आणि त्याला अडवणारं कुणी नसतं. गल्ली वाकडी असते ती काही नुसती अडाण्यांनी बांधली म्हणून नाही! छत्री उलटी झाल्यावर मी ॲबरक्रॉम्बींशी मनातल्या मनात बरंच भांडले. रॉयल परेड हा आडवा रस्ता तर इतका रुंद की पलीकडच्या दुकानाची पाटी वाचायला मला चष्मा पुसावा लागला. 29 ऑक्टोबर 1947 ला राजा पुन्हा आला आणि इथेच पुनर्बांधणीची सुरुवात त्याच्या हस्ते झाली. 1951 मध्ये डिंगल्सचं मोठं दुकान उघडलं, मग बाकीचे भराभर उठले. दगड पोर्टलँडचा, खिडक्या ओळीत, कुठे आगाऊपणा नाही. नीटनेटकं, थोडं कंटाळवाणं. शाळेच्या गणवेशासारखं.

पण पॅनियर मार्केटमध्ये शिरले आणि राग पळाला. 1959 मधला हा मंडईचा हॉल. वर काँक्रीटची पातळ कवचं एकामागून एक, आणि त्यांच्या फटींतून उजेड खाली गाळून येतो. दिवा न लावता लोकरीचा रंग नीट ओळखता येईल असा. काँक्रीट असं हलकं दिसू शकतं हे काँक्रीटच्याच शहरात जन्म काढूनही मला ठाऊक नव्हतं.

तिथून डेरीज क्लॉककडे गेले. 1862 मधलं हे दगडी घड्याळ म्हणजे युद्धाआधी गावाचा मध्य. ट्रामा इथे यायच्या, जॉर्ज स्ट्रीट इथे संपायची, लोक एकमेकांना "घड्याळापाशी भेट" म्हणायचे. बॉम्बमधून ते वाचलं. नव्या नकाशात मात्र त्याला जागा नव्हती. मध्यच दुसरीकडे सरकला. आता ते एका नाट्यगृहाच्या मागच्या अंगाला, लग्नघरात कुणी न ओळखणाऱ्या पाहुण्यासारखं उभं आहे. मी त्याच्या चौथऱ्यावर हात फिरवला. कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. वाट बघणाऱ्यांनी टेकून टेकून झिजवल्या असणार. आता तिथे टेकायला कुणी येत नाही.

परत आर्मडा वेवर येऊन बाकावर बसले. पुढ्यात कुंपण घातलेला उजाड पट्टा. शेजारी एक आजीबाई बसल्या होत्या. नव्वदीच्या आसपासच्या, टोपी विणलेली, पिशवीत कोबी. मी कुंपणाकडे बघतेय हे पाहून आपणहून बोलायला लागल्या. मला "माय लव्हर" म्हणाल्या, तेव्हा दचकलेच. इकडे कुणालाही तसंच म्हणतात, हे भाचीने रात्री हसत हसत सांगितलं.

"इथे झाडं होती. एका रात्रीत पाडली."

तो प्रकार मला माहीत होता. मार्च 2023 मध्ये रस्त्याच्या नूतनीकरणासाठी रात्री शंभरावर झाडं तोडली गेली. गावात इतका गदारोळ झाला की नगरपरिषदेच्या नेत्याला पद सोडावं लागलं. विशेष म्हणजे ही झाडं काही जुन्या शहरातली नव्हती. आराखड्याच्याच रस्त्यावर नंतर लावलेली. म्हणजे ज्या आराखड्याने लोकांचं गाव पुसलं, त्याच्याच झाडांसाठी लोक रात्री रस्त्यावर उतरले. दोन पिढ्या सावलीत बसल्या की रेघसुद्धा आपली होते बहुतेक.

आजीबाईंच्या वडिलांचं शिवणाच्या सामानाचं दुकान होतं. बटणं, लेस, रिळं. कुठे होतं विचारल्यावर त्यांनी काठी उचलली, डावीकडे रोखली, मग जरा उजवीकडे, मग खाली ठेवली. "इथेच कुठेतरी. रस्ताच नाही ना आता, सांगणार कसं?" दुकान जळलं. मग अर्धगोल पत्र्याच्या झोपडीत पुन्हा मांडलं. पावसात आत गिऱ्हाईकाचा आवाज ऐकू यायचा नाही.

"निसेन हट?" मी विचारलं.

त्या वळून बघतच राहिल्या. मी सांगितलं, माझी आई राहिलीय त्यात. पुण्याला धरण फुटलं, 12 जुलै 1961, आजोळचं घर वाहून गेलं, आणि मग त्यांना तसल्याच पत्र्याच्या अर्ध्या पिंपात राहायला दिलं. उन्हाळ्यात भट्टी, पावसात ताशा. ताशा कसा सांगावा कळेना, म्हणून बाकावर बोटांनी वाजवून दाखवला. त्यांनीही वाजवला. अगदी तोच ठेका.

"आराखड्यात दुकान मिळालं का परत?"

"भाडं परवडेना," त्या म्हणाल्या. "मोठी दुकानं मोठ्यांची झाली. बाबा गोदीत लागले."

आमच्याकडे हरकती-सूचनांच्या सुनावणीला असली माणसं कागदाची घडी हातात धरून मागच्या बाकावर बसायची. त्यांचा नंबर येईपर्यंत साहेबांची जेवायची वेळ झालेली असे. मला आजीबाईंकडे नीट बघवेना. मी विषय बदलून कोबीचा भाव विचारला.

चर्चं दोन पाहिली. सेंट अँड्र्यूजचं छप्पर जळाल्यावर कुणीतरी दारावर फळी ठोकली होती, 'रेसर्गाम', मी पुन्हा उठेन. आणि ते उठलंही, 1957 मध्ये. चार्ल्स चर्च मात्र मुद्दाम तसंच ठेवलंय, बिनछपराचं, वाहनांच्या चक्राच्या मधोमध, मेलेल्या नागरिकांचं स्मारक म्हणून. तिथे थांबायला जागा नाही. गाड्या फिरत राहतात.

रविवारी भाचीला घेऊन बसने अर्नेसेटलला गेले. लोकांना मधल्या दाटीतून काढून जिथे वसवलं, त्या युद्धानंतरच्या वसाहतींपैकी ही एक. मधे हिरवळ, तिच्या कडेला दुकानं, शाळा, घरांना पुढे-मागे अंगण, खाली टेमर नदी. पुस्तकातली चालण्याची गणितं इथे पायांना कळली. चप्पल घालून दूध आणायला जाता येईल अशी अंतरं.

"इथे काय बघायचंय?" भाची वैतागली. "मावशी, तू सुट्टीवर आलीयेस की साइट व्हिजिटला?"

खरं तर मला तिथेच सगळ्यात जास्त वेळ थांबायचं होतं. एका दारात एक आजोबा टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होते. बाजार सगळे बघतात आणि फोटो त्याचेच काढतात. ॲबरक्रॉम्बी-वॉटसन जोडीचं खरं काम इथे, या टोमॅटोपाशी आहे, असं माझं मत.

बार्बिकन या जुन्या बंदराच्या भागात जे वाचलं, त्यात नागरिकांचा हट्ट मोठा. 1957 मध्ये त्यांनी संस्था काढून मोडकळीला आलेली जुनी घरं पाडण्यापासून राखली. आज प्रवासी तिथेच गर्दी करतात. मीही केली. सीगलने हातातली अर्धी पेस्टी पळवली, त्याबद्दल अधिक बोलत नाही.

शेवटच्या संध्याकाळी रेघेच्या दुसऱ्या टोकाला गेलो, 'हो'वर. चढ संपेपर्यंत समुद्र दिसत नाही, आणि मग एकदम पायाखाली सगळा दिसतो. लांबवर लाटा अडवणारा बांध, काठाला लाल-पांढरा स्मीटन टॉवर, जुनं दीपगृह. 1941 च्या उन्हाळ्यात, गाव जळलेलं असताना, ॲस्टरबाईंनी इथे संध्याकाळचे नाच भरवले होते. आता तिथे दोन मुलं फ्रिस्बी खेळत होती.

स्टेशनापाशी दिसलेला तो खांब म्हणजे आरमाराचं स्मारक. दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे 23,000 खलाशांची नावं त्यावर आहेत. स्मारक 1924 मधलं, आराखड्याच्या कितीतरी आधीचं.

"रेघ कुठून सुरू केली असेल गं?" भाचीने विचारलं. "स्टेशनाकडून की इकडून?"

पंधरा दिवसांत तिने विचारलेला हा पहिला कामाचा प्रश्न. मी खांबाला पाठ लावून उत्तरेकडे बघितलं. रस्ता खाली उतरत सरळ गेलेला, दूर चौकात एक बस आडवी जाताना दिसली.

"इकडून," मी म्हणाले. "टाचणी इथेच टोचली असणार. स्टेशनाकडे नुसती पट्टी धरली."

मग आजीबाईंच्या काठीने दाखवलेली जागा वरून सापडते का बघितलं. झाडं नसल्यामुळे बाक तेवढा ओळखू आला. दिवे लागायला लागले होते आणि भाचीला भूक लागली होती.