ओहोटी कुठे मिळेल

काल रात्री फोनवर आईने विचारले, "तिथल्या समुद्राला ओहोटी कितीशी असते गं?" मी सांगितले की भूमध्य समुद्राचे पाणी बहुतेक ठिकाणी वीत-दोन वीत चढते आणि तेवढेच उतरते. "मग चालायचं कुठे?" एवढे म्हणून तिने लगेच लोणच्याचा विषय काढला. आज दिवसभर माझे कशातही लक्ष लागलेले नाही.

आई आमच्याकडे म्युनिकला येणार आहे, तेव्हा तिला इथून समुद्रावर न्यायचे, म्हणून गेले कित्येक आठवडे मी तिच्यासाठीच नकाशे पाहते आहे. ह्यांच्या मनात लिगुरिया, म्हणजे इटलीचा वायव्य किनारा, भरला आहे. तिथल्या चिंक्वे तेर्रेची ती कड्यावरची पाच गावे आणि त्यांच्यामागे दगडी बांध घालून चढवत नेलेले द्राक्षमळे कोणाच्याही मनात भरावेत असेच आहेत. पण कोर्निलियाच्या स्टेशनावरून वर गावात जाणाऱ्या जिन्याला सुमारे 380 पायऱ्या आहेत. बस असते, मात्र आईचे गुडघे बसच्या पायऱ्यांनाही कुरकुरतात. क्रोएशियातल्या दाल्मेशियाचे पाणी सर्वांत नितळ, कारण तो किनारा चुनखडीचा आणि गाळ आणणाऱ्या नद्या तिथे थोड्या. पण वाळूच्या जागी गोटे, आणि खडकांच्या फटींत काटेरी सी-अर्चिन, म्हणून लोक रबरी बूट घालून पाण्यात उतरतात. आईला रबरी बूट घालायला सांगण्याचे धैर्य माझ्यात नाही.

हा सारा विचार मी एकटीने केला, आणि त्याचे चीज एका प्रश्नात संपले, असे काल वाटले. कोणी "दमलीस का" असेही विचारले नाही. आई तक्रार करत नाही, हेच अधिक लागते. ती "तुम्ही न्याल तिथे येईन" म्हणते आणि मग मलाच कळत नाही की तिला यायचे आहे की केवळ आमचे मन मोडायचे नाही.

तिचा समुद्र म्हणजे पाणी नव्हेच. गुहागरला पाणी मागे गेल्यावर उघडी पडणारी ती घट्ट, ओली पुळण म्हणजे तिचा समुद्र. बिळांभोवती खेकड्यांनी मोहरीएवढ्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी मांडलेली असते आणि साडी घोट्यावर धरून आई ती न मोडता चालते. घरी कॅलेंडर पाहून, तिथीची पाऊणपट करून ती भरतीची वेळ सांगते. बाबांच्या नंतर ती तिथे गेलेली नाही. त्याबद्दल आज लिहीत नाही.

संध्याकाळी पुन्हा नकाशा उघडला, तो तिच्या प्रश्नासाठी. जिब्राल्टरची सामुद्रधुनी अरुंदात अरुंद जागी जेमतेम 14 किलोमीटर, त्यामुळे महासागराची भरती आत फारशी येऊ शकत नाही, हे ठाऊक होते. पण इटली आणि क्रोएशियामधला एड्रियाटिक समुद्र लांबट, चिंचोळा आणि उत्तर टोकाला उथळ असल्याने तिथे पाण्याची हालचाल वाढत जाते, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास व्हेनिस-त्रिएस्तेच्या बाजूला पाणी मीटरभर चढते-उतरते. आपल्या कोकणच्या उधाणापुढे ते काहीच नाही, पण ती ओहोटी आहे! इटलीतल्या त्या दोन शहरांच्या दरम्यान, त्रिएस्तेच्या जवळ, ग्रादो हे गाव आहे: सपाट वाळूचे, दक्षिणेकडे तोंड केलेले, दूरवर आत गेले तरी पाणी गुडघ्याच्या फार वर येत नाही असे. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात लोक तिथे हवापालटाला येत, आणि ऊन वाळूचा शेक घेण्याची तिथे जुनी पद्धत आहे.

ग्रादो लिगुरियाइतके देखणे नाही. छत्र्यांच्या सरळ रांगा आणि भाड्याच्या आरामखुर्च्या पाहून हे किंचित हिरमुसले, आणि मलाही त्या कड्यांचा मोह सोडताना जड गेले. आमचे लिगुरिया केव्हातरी होईल किंवा होणार नाही. आई मात्र दरवर्षी म्युनिकला येणार नाही, हे आता मनाला सरळ सांगता येते, आणि काल तिने तो प्रश्न मनात न ठेवता विचारला याचे आज बरे वाटते.

अडचण एकच उरली आहे. घेतलेली सुट्टी अष्टमीच्या आसपास पडते, म्हणजे नेमका भांग, पाणी जेमतेम हलणार. ह्यांनी उद्या ऑफिसात आठवडाभर पुढची रजा मागायची आणि हॉटेलला मी लिहायचे, असे ठरले आहे.