त्या गटाबरोबर पुन्हा काम का केले नाही

गेल्या काही वर्षांत मला एक प्रश्न इतक्या ठिकाणी विचारला गेला आहे की त्याचे उत्तर आता एकदाच, सविस्तर आणि लेखी द्यावे असे ठरवले. प्रश्न असा असतो: पिकांना रोग देणाऱ्या झँथोमोनास जिवाणूंच्या जनुकसंचांची तुलना करणारा तो बहुराष्ट्रीय शोधनिबंध एवढा गाजला, तुमच्या एकूण सायटेशनपैकी, म्हणजे इतरांच्या निबंधांत तुमच्या कामाचे जे दाखले येतात त्यांपैकी, निम्म्याहून अधिक एकट्या त्याच्या आहेत, मग त्याच गटाने पुढच्या प्रकल्पासाठी आपणहून बोलावले असताना तुम्ही नकार का दिलात? विचारणाऱ्यांत वरिष्ठ सहकारी असतात, मुलाखत समित्यांचे सदस्य असतात आणि पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधणारी मुलेही असतात. मुलांचा रोख मला समजतो. नावाजलेल्या निबंधावर आपलेही नाव असावे असे त्यांना वाटते, आणि त्यात गैर काही नाही. वरिष्ठांच्या प्रश्नात मात्र हातची संधी घालवली हा निवाडा आधीच झालेला असतो, आणि त्याचा मला त्रास होतो.

आधी एक गैरसमज दूर करते. मी सायटेशनला तुच्छ लेखते म्हणून नकार दिला, असे काहीजण परस्पर सांगतात. तसे मुळीच नाही. मी अधूनमधून स्वतःचे गूगल स्कॉलरचे पान उघडते आणि आकडा वाढलेला दिसला की मला बरे वाटते. बढतीच्या अर्जात आणि प्रकल्पांच्या प्रस्तावांत तो आकडा मी स्वतः लिहिलेला आहे. माझी हरकत त्या आकड्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाला आहे. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये एच-इंडेक्स मांडला. त्यात निबंधांची संख्या आणि त्यांना मिळालेली सायटेशन यांची सांगड घातलेली आहे, पण लेखकांच्या यादीत तुम्ही पहिले आहात, शेवटचे आहात की मधल्या गर्दीत आहात, याची दखल त्यात कुठेच घेतली जात नाही. आमच्या विषयात तर बराचसा अर्थ त्या क्रमातच असतो. पहिल्या नावाने बहुतेक वेळा प्रत्यक्ष प्रयोग केलेले असतात, शेवटच्या नावाची प्रयोगशाळा असते, आणि मधल्यांनी काय केले ते निबंध वाचल्याशिवाय कळत नाही. तो वाचायला समितीजवळ वेळ नसतो.

दुसरे असे की सायटेशन मोजते ते निबंध लिहिणाऱ्यांना. काम वापरणाऱ्यांना ते मोजत नाही. युजीन गारफिल्ड यांनी 1955 मध्ये सायटेशनच्या सूचीची कल्पना मांडली, ती एखाद्या निबंधावर पुढे कोणी काय म्हटले हे शोधता यावे म्हणून. माणसांची प्रतवारी लावणे हा तिचा मूळ हेतू नव्हता. प्रथिनांचे प्रमाण मोजण्याच्या पद्धतीवरचा ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा 1951 चा निबंध तीन लाखांहून अधिक वेळा उद्धृत झाला आहे, आणि डीएनएची रचना सांगणारा वॉटसन आणि क्रिक यांचा 1953 चा निबंध त्याच्या जवळपासही नाही. लाउरींची पद्धत प्रयोगशाळांनी वापरली, आणि प्रयोगशाळा निबंध लिहितात. आमचे काम डाळिंबावरच्या तेल्या रोगाचे. वरून निरोगी दिसणाऱ्या गुटी कलमाच्या डोळ्यांत झँथोमोनासचाच एक जिवाणू दडून राहतो, रोप शेतात जाते, पावसाळी दमट हवा मिळाली की पाने, खोड आणि फळे एकामागून एक डागाळतात आणि भगवा या वाणाचे तयार फळ झाडावरच तडकते. जिवाणूच्या जायरेज-बी या जनुकावर आधारलेल्या पीसीआर चाचण्या, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढून जिवाणू ओळखणाऱ्या चाचण्या, इतरांनी आधी दिलेल्या होत्या. आमची भर होती ती कलमाच्या सालीतून आणि डोळ्यांतून पीसीआरला चालेल असा डीएनए काढण्याच्या पद्धतीची. ती वापरणारे रोपवाटिकाधारक आपले मातृवृक्ष तपासून घेतात आणि कामाला लागतात. त्यांच्यापैकी कोणी शोधनिबंध लिहीत नाही, त्यामुळे माझ्या पानावर त्यांची नोंद होत नाही.

याउलट झँथोमोनासची प्रजाती भाताला, लिंबाला, कापसाला, टोमॅटोला, आंब्याला अशा कितीतरी पिकांना रोग देते. शिवाय 2009 मध्ये तिच्या टॅल नावाच्या प्रथिनांची डीएनए ओळखण्याची सांकेतिक पद्धत उलगडली आणि तिच्यातून जनुक-संपादनाचे एक साधन तयार झाले, तेव्हापासून वनस्पतिरोगाशी संबंध नसलेले लोकही या जिवाणूंवरचे निबंध वाचतात. अनेक देशांतल्या अनेक पिकांवरच्या जिवाणूंचे जनुकसंच एका ठिकाणी मांडणारा निबंध उद्धृत होणारच होता. तो चांगला निबंध आहे आणि त्यातले निष्कर्ष मला आजही मान्य आहेत.

आता जे घडले ते सांगते.

त्या निबंधातले डाळिंबावरचे जिवाणू आम्ही गोळा केले होते. जैविक विविधता अधिनियम, 2002 प्रमाणे परवानगीवाचून ते परदेशी प्रयोगशाळेला देता येत नाहीत, म्हणून जिवाणू वेगळे करणे, त्यांची ओळख पटवणे आणि डीएनए तयार करणे हे सगळे इथेच झाले. हे काम माझ्या एका विद्यार्थ्याने केले. तो सांगोला तालुक्यातला. घरची डाळिंबाची बाग तेल्याने गेलेली. पानावरच्या डागाची कड कापून ती माध्यमावर घातली की तेल्याचा जिवाणू तीन-चार दिवस दिसतच नाही, आणि तोवर भराभर वाढणारे इतर जिवाणू सगळी पेट्री डिश व्यापून टाकतात. त्यांतलेही काही पिवळेच असतात. चकचकीत, चिकट, पिवळी वसाहत दिसली म्हणून ती झँथोमोनासचीच असे गृहीत धरता येत नाही; ती पुन्हा पुन्हा रेषा ओढून शुद्ध करावी लागते, निरोगी रोपावर फवारून तेलकट डाग उठतात का हे पाहावे लागते आणि त्या डागातून तोच जिवाणू परत मिळवावा लागतो. डाळिंबातल्या टॅनिनमुळे झाडाचा डीएनए नळीत तपकिरी होऊन बसतो आणि पीसीआर चालतच नाही. टॅनिनला बांधून ठेवणारे पीव्हीपी हे रसायन किती घालायचे आणि नमुना कितपत पातळ करायचा, हे त्याने चुकत-माकत, रात्री थांबून ठरवले. सहकाऱ्यांच्या यादीतले काही नमुने भलत्याच जिवाणूचे आहेत हे त्याच्याच चाचणीत लक्षात आले आणि ते तुलनेतून काढून टाकले गेले. निबंधाच्या पहिल्या मसुद्यात त्याचे नाव माझ्या नावाच्या आधी होते.

प्रूफ तपासायला 48 तास मिळाले होते. मी नेहमीप्रमाणे आधी लेखकांची नावे वाचली. माझे नाव होते, त्याचे नव्हते. ते शेवटच्या पानावर ऋणनिर्देशात, नमुने गोळा करण्यास मदत करणाऱ्यांच्या ओळीत होते. मी लगेच पत्र लिहिले. उत्तर अतिशय सौजन्याचे आले. यादी फार लांबली होती, त्यामुळे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे निकष लावले, आणि लेखनात किंवा मसुदा सुधारण्यात ज्यांचा सहभाग नव्हता त्यांची नावे वगळली, असे त्यात होते. ते निकष मला ठाऊक होते. कामात भरीव वाटा असलेल्या माणसाला मसुद्यावर मत देण्याची संधीच नाकारायची आणि मग मत दिले नाही म्हणून वगळायचे, यासाठी ते वापरू नयेत, असे त्याच निकषांत स्पष्ट म्हटलेले आहे. सुधारित मसुदा त्याला कोणी पाठवलाच नव्हता. हे मी लिहिले, त्याच्या प्रयोगवहीची पाने जोडली आणि नाव आले नाही तर माझेही काढा असे कळवले.

हे मी त्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, राहू द्या ना. तुमचं नाव आहे ना त्यात, मग झालं." त्याच्या आवाजात राग नव्हता आणि तेच मला सहन झाले नाही. पंचविशीतल्या मुलाला आपले काम आपल्या नावावर लागणार नाही हे इतक्या सहज पटावे, याचा अर्थ आमच्याकडे बघूनच तो ते शिकला असणार.

मुदत संपायला थोडे तास उरले असताना नाव परत आले. पुढे निबंध छापून आला तेव्हा मी शेवटी दिलेले लेखकांच्या योगदानाचे निवेदन वाचले. चौदा भूमिकांची जी पद्धत आता पुष्कळ नियतकालिके वापरतात, तिच्यात कल्पना, कार्यपद्धती, प्रत्यक्ष संशोधन, विश्लेषण, लेखन असे वेगवेगळे रकाने असतात. आम्हा दोघांची नावे फक्त साहित्य पुरवणाऱ्यांच्या रकान्यात होती. प्रूफमध्ये हे निवेदन मी पाहिलेले नव्हते. ते नंतर भरले गेले. दुरुस्तीसाठी लिहिले, तर निष्कर्षांवर परिणाम करणारी चूक असेल तरच दुरुस्ती छापता येते असे कळवण्यात आले. ज्या चाचणीमुळे भलते नमुने बाजूला झाले ती चाचणी निष्कर्षांवर परिणाम करत नाही असे मानायचे असेल, तर मग पुढे बोलण्यासारखे काही नव्हते.

सहा-सात महिन्यांनी पुढच्या प्रकल्पाचे निमंत्रण आले. मजकूर आपुलकीचा होता. आमच्याकडून नवे नमुने हवे होते. विश्लेषण तिकडे होणार होते. लेखकांचा क्रम आणि प्रत्येकाची भूमिका आधी लेखी ठरवावी, अशी अट मी घातली. एवढ्या लवकर ते ठरवणे शक्य नाही, असे उत्तर आले. मी नकार कळवला.

मला ठाऊक आहे की यावर काय म्हटले जाते, कारण त्यातले बरेचसे मी स्वतःच एकेकाळी म्हटलेले आहे. पीएच.डी.नंतरचे पोस्टडॉक संशोधन करत असताना माझे ठाम मत होते की लहान प्रयोगशाळेने मोठ्या गटाच्या आश्रयाने वाढावे, मानापमान मनात ठेवू नये, नाव कुठे का येईना, ते आले म्हणजे पुढचे दार उघडते. त्या वेळच्या मला आज उत्तर द्यायचे तर मी एवढेच म्हणेन की दार उघडते ते यादीत नाव असलेल्याला, आणि यादीत कोण राहील हे ज्यांच्या हातात असते त्यांना आपले नाव कधी शोधावे लागत नाही. पण ती तरुण बाई गप्प बसणारी नाही. ती विचारील की त्या एका निबंधामुळेच तुझा पुढचा प्रकल्प मंजूर झाला ना? समितीतल्या एका सदस्याने मुलाखतीत तोच निबंध काढून दाखवला होता, हे मी नाकारू शकत नाही. ती असेही विचारील की तुझ्या नकाराने तुझ्या नंतरच्या विद्यार्थ्यांचे काय झाले? त्यांना तसा निबंध मिळाला नाही, आणि ते त्यांना विचारून ठरवलेले नव्हते. संशोधनाचे मूल्यमापन नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातल्या निबंधांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्या आकड्यावरून, करू नये, असे सांगणारे सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याचे आवाहन 2013 मध्ये प्रसिद्ध झाले आणि मला ते शब्दशः मान्य आहे, पण माझ्या विद्यार्थ्याचा अर्ज चाळणारा माणूस तो जाहीरनामा समोर ठेवून बसत नाही.

तरीही पुन्हा तीच वेळ आली तर मी तीच अट घालीन. त्याने सायटेशन कमी होतील हे मला कळते, आणि त्याचा तोटा माझ्याबरोबर इतरांनाही होतो हेही कळते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यांचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

यंदा त्या विद्यार्थ्याने परदेशात पोस्टडॉकसाठी अर्ज केला, तो त्याच गटात. अर्ज पाठवण्याआधी तो भेटायला आला आणि "मॅडम, तुम्हाला चालेल ना?" असे विचारले. मी त्याला अडवले नाही. त्या विषयातली सर्वांत चांगली प्रयोगशाळा तीच आहे. शिफारसपत्र मागितले, तेही दिले. ते नेहमीपेक्षा बरेच लांब झाले, कारण त्या निबंधातले कोणते जिवाणू त्याने वेगळे केले, कोणती चाचणी त्याने बसवली आणि तिच्यामुळे कोणते नमुने वगळले गेले, हे मी प्रयोगवहीतल्या तारखांसह त्यात लिहिले. हे पत्र आता ज्यांनी यादी केली होती त्यांच्याच टेबलावर जाईल.