पाय बघून टाका

"ओ, पाय बघून टाका!" होडीवाले मामा असे ओरडले की माझा पाय हवेतच राहिला. बुटापासून वीतभरावर तीन अंडी. करडी, तपकिरी ठिपक्यांची. घरटं नाहीच, नुसती मातीतली खळगी.

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी ओसरलं की अशी बेटं उघडी पडतात आणि नदीसुरय पक्षी तिथं अंडी घालतात. (जायचं होतं वेंगुर्ल्याच्या दीपगृहाच्या बेटावर, तिथले सुरय बघायला. पण सोलापूरकराला उजनीच परवडते!)

डोक्यावर सगळी वसाहत किंचाळत होती. एक तर केसांना वारा लागेल इतका खाली झेपावला. मी खूश, कॅमेरा चालू.

मामा म्हणाले, "ती उठली की अंडी भाजत्यात. उरका."

या उन्हात पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतात ती, अंडी गार ठेवायला. आणि मी त्यांना उठवून चांगला फोकस शोधत होतो.

आज नळाला पाण्याचा दिवस. बादलीत पडतंय तेही उजनीचंच. चाळीसेक फोटो आहेत, एकही इथं टाकावासा वाटेना.

तुम्ही असता तर होडीतून उतरला असता का?