चोवीस रिव्हेट

माझी सतरा वर्षांची लेक गेल्या सप्टेंबरपासून शाळेचा अर्धा दिवस कार्यशाळेत घालवते आणि बोटांवर अॅल्युमिनियमचा करडा थर घेऊन घरी येते. आम्ही अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, एव्हरेटजवळ राहतो. बोइंगचा ७४७ बांधण्यासाठी उभारलेली, आकारमानाने जगातली सर्वांत मोठी इमारत याच गावात आहे. इथल्या अनेक माध्यमिक शाळांत बोइंग आणि राज्य सरकार यांच्या सहकार्याने ‘कोअर प्लस एअरोस्पेस’ हा अभ्यासक्रम चालतो. त्यात पहिले ५४० तास मोजमाप, आराखडावाचन, सुरक्षितता आणि हत्यारांची ओळख यांसाठी असतात आणि पुढचे ५४० तास प्रत्यक्ष विमानबांधणीच्या कामांसाठी.

तिने हा विषय निवडला तेव्हा मी मनापासून खूश नव्हते, हे मला लिहिलेच पाहिजे. माझे माहेर नाशिकजवळचे ओझर. एचएएलच्या कारखान्यात मिग विमानांच्या पत्राकामात बाबांनी आयुष्य काढले आणि त्याच बाबांनी आम्हा भावंडांना ‘तुम्ही शिकून साहेब व्हा’ असे सांगत वाढवले. हाताने करायचे काम म्हणजे मार्क कमी पडलेल्यांची वाट, ही समजूत मी त्या टाऊनशिपमधूनच सोबत आणली होती. ती चुकीची होती, हे मला डिसेंबरात पालकांसाठी कार्यशाळा उघडी ठेवली त्या दिवशी कळले.

त्या दिवशी लेक आणि तिची जोडीदारीण दोन पत्रे रिव्हेटांनी, म्हणजे भोकात घालून दुसऱ्या बाजूचे शेपूट चेपायच्या धातूच्या खिळ्यांनी, एकमेकांना जोडत होत्या. भोके पाडून झाल्यावर पत्रे सरकू नयेत म्हणून भोकांत क्लीको नावाच्या स्प्रिंगच्या पकडी बसवलेल्या होत्या. एक अष्टमांश इंचाच्या भोकासाठी तांबूस रंगाची, त्याहून बारीक भोकासाठी रुपेरी. एकीच्या हातात रिव्हेट गन होती आणि पत्र्याच्या पलीकडे दुसरीने बकिंग बार, म्हणजे बाबा ज्याला डॉली म्हणतात तो जड पोलादी ठोकळा, रिव्हेटच्या शेपटावर दाबून धरला होता. प्रत्यक्ष विमानात या दोघी एकमेकींना दिसत नाहीत आणि गनच्या आवाजात बोललेले ऐकूही येत नाही, म्हणून पलीकडची मुलगी पत्र्यावर ठोकून उत्तर देते: एकदा ठोकले तर अजून मार, दोनदा ठोकले तर रिव्हेट चांगला बसला, तीनदा ठोकले तर तो वाया गेला, काढून टाक. शेपट चेपल्यावर त्याची रुंदी रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट आणि उंची निम्मी भरली पाहिजे, आणि ती डोळ्यांच्या अंदाजाने नव्हे तर गेज लावून ठरते. लेकीने बार धरलेला असताना एकदा तीन ठोके पडले. शिक्षक खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते, कोणी विचारले नव्हते, तरी तिने तो रिव्हेट ड्रिलने काढायला घेतला. मला त्या क्षणी तिचा जो अभिमान वाटला, तो कोणत्याही प्रगतिपुस्तकाने वाटला नव्हता.

एवढी काटेकोरता कशासाठी, हे तिनेच मला नंतर समजावले. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाच्या पुढच्या भागाचे छत २४ हजार फुटांवर उडून गेले आणि एक हवाई सेविका मृत्युमुखी पडली. त्या विमानाची जवळपास ९० हजार उड्डाणे झाली होती. पत्र्यांच्या सांध्यातला चिकटथर सुटल्याने सगळा भार रिव्हेटांवर आला होता, आणि रिव्हेटचे डोके सपाट बसावे म्हणून केलेल्या खोलगट भोकाचा काठ पातळ पत्र्यात सुरीच्या धारेसारखा झालेला असल्यामुळे तिथून बारीक तडे सुरू होऊन एकमेकांना मिळत गेले. हे ऐकल्यापासून, भोक पाडल्यावर काठावर उभी राहणारी धातूची कोर, म्हणजे बर, साफ करण्याचे काम तिला कंटाळवाणे वाटत नाही. वर्गात या घटनेवर दोन दिवस चर्चा झाली. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला ताण आणि पुन्हा पुन्हा भार पडून धातूला येणारा थकवा तिला असा भोकाच्या काठावर भेटला, आणि म्हणूनच तो तिच्या लक्षात राहील.

मार्चमध्ये तिने सरावाचा पहिला पत्रा घरी आणला आणि ओझरला व्हिडिओ कॉल लावला. बाबा आता शहाऐंशीचे आहेत आणि त्यांना कमी ऐकू येते, पण नजर अजून तीक्ष्ण आहे. त्यांनी आधी तिला रिकाम्या भोकांवर नख फिरवायला लावले. ‘कुठे अडकतं का, बाळा?’ अडकत नव्हते. मग त्यांनी पत्रा कॅमेऱ्यासमोर हळूहळू सरकवायला सांगितला, चोवीस रिव्हेट एकेक करून पाहिले आणि म्हणाले, ‘यातली ही तीन डोकी मोठी का?’

‘तिथले पहिले रिव्हेट बिघडले होते, आजोबा. काढताना भोक मोठं झालं, म्हणून पुढच्या मापाचे घातले.’

‘लिहून ठेवलंस?’

तिने कामाची वही कॅमेऱ्यासमोर धरली. तिन्ही रिव्हेटांचे क्रमांक, कारण आणि तारीख तिच्या अक्षरात तिथे होती. बाबा ती नोंद बराच वेळ वाचत राहिले.