होल्ड, फ्लॅश आणि मध्येच तुटणारे फोन

कार्यालयात येणारे फोन घेऊन संबंधितांकडे जोडून देण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात कितीतरी फोन माझ्या हातून तुटले. "एक मिनिट थांबा, जोडून देते," असे म्हणून मी बटण दाबावे आणि पलीकडचा माणूस नाहीसा व्हावा, असे वारंवार घडत होते. मोठ्या अडचणीतून फोन करणाऱ्याला पुन्हा नंबर लावायला लागतो, याचे मला फार वाईट वाटे.

माझी पहिली चूक होल्डच्या बटणाबाबत होती. माझ्या साध्या उपकरणावरचे होल्ड फक्त तेवढ्या उपकरणापुरते होते. ते दाबल्यावर समोरच्याला सूर ऐकू येई, पण ईपीएबीएक्सच्या, म्हणजे कार्यालयातले फोन एकमेकांना जोडणाऱ्या यंत्रणेच्या, दृष्टीने तो फोन माझ्याकडे चालूच असे, त्यामुळे दुसरे एक्स्टेन्शन (कार्यालयातल्या दुसऱ्या फोनचा अंतर्गत नंबर) लावण्यासाठी डायल टोन मिळतच नसे. फोन दुसऱ्याकडे द्यायचा तर फ्लॅशच हवा, हे मला इथे कळले. फ्लॅश म्हणजे लाइनमधील विद्युतप्रवाह क्षणभर खंडित करणे. तो खंड ओळखून यंत्रणा चालू संभाषण स्वतःकडे रोखून धरते आणि आपल्याला नवा डायल टोन देते.

तरीही फोन तुटतच राहिले. बटणाऐवजी क्रेडलवरची, म्हणजे रिसीव्हर ठेवायच्या जागेवरची, कळ हाताने दाबून पाहिली, तर कधी जमे, कधी नाही. शेवटी देखभालीसाठी आलेल्या तंत्रज्ञांनी माझे उपकरण उलटे केले आणि खालच्या बाजूची एक छोटी सरकपट्टी दाखवली. तिच्या एका टोकाला १०० आणि दुसऱ्या टोकाला ६०० असे आकडे होते. हे मिलिसेकंद. आमची ईपीएबीएक्स सुमारे १०० मिलिसेकंदांच्या खंडाची अपेक्षा धरत होती आणि पट्टी मात्र ६०० वर होती. इतका लांब खंड आला की यंत्रणेला वाटे, रिसीव्हर खाली ठेवला, आणि ती फोन बंद करून टाकी. उलट, यंत्रणेला ६०० हवे असताना उपकरणाने १०० दिले, तर तिला फ्लॅश कळतच नाही. हाताने कळ दाबताना इतका अचूक वेळ साधणे कठीणच, म्हणून बटणच वापरावे, असे त्यांनी बजावले. खरे तर ही जुळणी उपकरण बसवतानाच तपासायला हवी होती, असे मला आजही वाटते.

पट्टी १०० वर सरकवली आणि शेजारच्या टेबलावरून फोन करायला सांगून मी पाच-सहा वेळा सराव केला. फ्लॅश दाबताच बारीक 'टक' असा आवाज आला, पाठोपाठ डायल टोन, आणि पलीकडच्या रिसीव्हरमध्ये संगीत सुरू झाल्याचे मला शेजारून ऐकू आले.

आता मी एक्स्टेन्शन लावल्यावर लगेच रिसीव्हर ठेवत नाही. पलीकडून फोन उचलला गेला की कोणाचा फोन आहे आणि काम काय, ते सांगते आणि मगच ठेवते. कोणी उचलले नाही, तर फ्लॅश दाबून थांबलेल्या माणसाकडे परत येते, उशिराबद्दल क्षमा मागते आणि त्यांचा निरोप लिहून घेते.